डिस्क सँडरची मोटर उलटी-सुलटी फिरवायची आहे? आधी हे समजून घ्या



पारशिवनीत एका तरुण सुतारभाऊच्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. त्याने अर्धा एचपीच्या जुन्या मोटरवर दहा इंची तबकडी बसवून घरच्या घरी डिस्क सँडर बनवला होता. मशीन झकास चालत होतं. मग मोटर दोन्ही दिशांनी फिरावी म्हणून त्याने एक स्विच लावला आणि चार दिवसांत मोटर जळाली. रिवाइंडिंगचे पैसे गेले, वर फोटो फ्रेमची ऑर्डर लटकली. तो म्हणाला, "सर, दोनच वायर तर बदलल्या होत्या!"

त्याची कल्पना चुकीची नव्हती, जोडणी चुकली होती. तुमची चुकू नये म्हणून हा लेख.

दोन्ही दिशा कशाला हव्यात?

सँडरवर लाकूड नेहमी तबकडीच्या खाली जाणाऱ्या बाजूला धरायचं. तिथे तबकडी लाकडाला टेबलावर दाबते. वर जाणाऱ्या बाजूला धरलं तर लाकूड उडतं, आणि बोटं तबकडीकडे जातात. म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या मशीनवर टेबलाचा अर्धाच भाग कामाचा. दिशा बदलता आली की दुसरा अर्धा भागही वापरता येतो. फ्रेमच्या पट्टीचं एक टोक डावीकडे घासा, दुसरं उजवीकडे. पट्टी पालथी करावी लागत नाही. पॉलिश पेपरही एकाच बाजूने झिजत नाही.

मोटरची दिशा ठरते कशी?

घरगुती सिंगल फेज मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात: रनिंग आणि स्टार्टिंग. स्टार्टिंगच्या ओळीत कॅपॅसिटर असतो, ज्याला आपण कंडेन्सर म्हणतो. मोटर कोणत्या दिशेने सुरू होणार, हे या दोन वाइंडिंगच्या आपसातल्या जोडणीवर ठरतं.

म्हणून प्लगमधले फेज आणि न्यूट्रल अदलाबदल करून काहीच होत नाही, कारण दोन्ही वाइंडिंग एकदमच उलटतात. फक्त स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल करायची, रनिंगला हात लावायचा नाही. थ्री फेज मोटर असेल तर कोणतेही दोन फेज बदलले की झालं.

वायर ओळखा

प्लग काढा. कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असू शकते, म्हणून होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायर त्याच्या टोकांना लावून तो आधी रिकामा करा. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवा. मोटरमधून चार वायर येत असतील तर दोन जोड्या सापडतील. कमी रीडिंग देणारी सहसा रनिंग, जास्त देणारी स्टार्टिंग. स्टार्टिंगची जोडी मोजताना कंडेन्सर मध्ये येऊ देऊ नका, नाहीतर रीडिंग मिळणारच नाही.

तीनच वायर बाहेर असतील तर दोन वाइंडिंगचं एक टोक आत जोडलेलं आहे. ते वाइंडिंगवाल्याकडून वेगळं करून चौथी वायर बाहेर घ्या. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या धुण्याच्या मोटरची गोष्ट वेगळी. तिची दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात, त्यामुळे ती तीन वायरवरच दोन्हीकडे फिरते. पण तिची ताकद लहान तबकडीपुरतीच.

जोडणी

फेज आणि न्यूट्रल आधी मेन स्विचमधून घ्या, जो दोन्ही वायर एकदम तोडतो. तिथून रनिंग वाइंडिंगला थेट जोडा. दिशेसाठी सहा टर्मिनलचा स्विच घ्या. मधल्या दोन टर्मिनलवर स्टार्टिंगची दोन टोकं लावा, त्यातलं एक कंडेन्सरमधून आलेलं. मेन स्विचनंतरचे फेज-न्यूट्रल वरच्या दोन टर्मिनलवर सरळ, आणि खालच्या दोनवर उलटे, म्हणजे तिरपे क्रॉस करून.

आता आपल्या सुतारभाऊची चूक. त्याच्या स्विचला मध्ये 'ऑफ' जागा होती. तिथे फक्त स्टार्टिंग तुटायचं, रनिंगला करंट चालूच. अशा वेळी मोटर सुरू होत नाही, फक्त गुणगुणते, आणि गरम होत होत जळते. त्याला वाटायचं मशीन बंद आहे! म्हणून मध्ये 'ऑफ' नसलेला स्विच घ्या. नाहीतर सगळाच करंट तोडणारा तयार फॉरवर्ड-ऑफ-रिव्हर्स रोटरी स्विच घ्या. दोन पैसे जास्त जातील, पण मोटर वाचेल.

या चार गोष्टी पाळाच

१. मोटर पूर्ण थांबल्यावरच दिशा बदला. काही मोटरमध्ये आतला स्विच वेग आल्यावर स्टार्टिंग तोडतो. अशी मोटर फिरत असताना दिशा बदलतच नाही. थांबताना येणारा 'टिक' आवाज त्याच स्विचचा.

२. तबकडी फक्त मधल्या नटावर कसलेली असेल तर एका दिशेला तो नट सैल होतो. १४४० आरपीएमवर दहा इंची तबकडीची कड सेकंदाला साधारण १९ मीटर वेगाने जाते. सुटली तर? म्हणून चावी किंवा ग्रब स्क्रू असलेला फ्लँजच वापरा.

३. अर्थिंग लावाच. लाइट गेली आणि परत आली तर मशीन आपोआप सुरू व्हायला नको, म्हणून नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा.

४. लाकडाचा भुसा उघड्या मोटरमध्ये शिरतो, म्हणून बंद बॉडीची मोटर घ्या. स्वतः मास्क आणि चष्मा वापरा.

पहिल्यांदा वीज देण्याआधी जोडणी वायरमनला दाखवा. मग तबकडी न लावता मोटर दोन्ही दिशांना चालवून बघा आणि बाणाची खूण करा: डावीकडे फिरली की डावी बाजू कामाची, उजवीकडे फिरली की उजवी.

मित्रांनो, घरी बनवलेलं मशीन म्हणजे वाचलेलं भांडवल. पण ते ऐन ऑर्डरच्या वेळी बंद पडलं तर वाचलेल्या पैशापेक्षा गेलेलं गिऱ्हाईक महाग पडतं. त्या भाऊने स्विच बदलला, मशीन पुन्हा चालू झालं. तुम्ही मात्र ते आधीच करा.