शुष्क वंगण लेपित गोळी

शुष्क वंगण लेपित गोळी म्हणजे अचूक लक्ष्यवेधी रायफल नेमबाजीत वापरली जाणारी, पृष्ठभागावर कोरड्या वंगणाचा पातळ थर असलेली गोळी होय. लेपासाठी मुख्यतः मॉलिब्डेनम डायसल्फाइड, टंगस्टन डायसल्फाइड किंवा षट्कोनी बोरॉन नायट्राइड वापरतात. यांपैकी पहिली दोन द्रव्ये काळसर, तर तिसरे पांढरे असते.

कार्य

रायफलच्या नळीतील सर्पिल खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो. मात्र या खाचांतून जाताना गोळीवरील तांबेयुक्त आवरणाचे कण नळीत साचतात आणि कालांतराने अचूकता घटते. वरील तिन्ही द्रव्यांचे स्फटिक थरांचे बनलेले असतात. थरांमधील बंध दुर्बल असल्याने ते एकमेकांवरून सहज सरकतात व घर्षण कमी होते.

लेपनाची पद्धत

तेलाचा अंश काढलेल्या गोळ्या वंगणाच्या भुकटीसह फिरत्या पिंपात घोळवतात. काही पद्धतींत त्यावर कार्नोबा मेणाचा थर देतात.

लाभ व मर्यादा

लेपामुळे नळी वारंवार साफ करण्याची गरज कमी होऊ शकते. घर्षण घटल्याने नळीतील दाब आणि गोळीचा वेग हे दोन्ही काहीसे उतरतात. वेग भरून काढण्यासाठी दारूचे प्रमाण वाढवले असल्यास त्याच प्रमाणावर लेपरहित गोळी वापरणे धोक्याचे ठरते, कारण दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. नळीच्या आरंभीच्या भागाची झीज प्रामुख्याने तप्त वायूंमुळे होते. ती लेपाने थांबत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा साचलेला थर ओलावा धरून ठेवल्यास गंजास कारण होऊ शकतो. लेपित गोळी अधिक अचूक असतेच, असे सरसकट म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. या प्रकारांत ५.६ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी वापरतात. तिला सामान्यतः तांब्याचे आवरण नसते व कारखान्यातच मेण किंवा ग्रीस लावलेले असते. त्यामुळे शुष्क लेपाचा प्रश्न मुख्यतः ३०० मीटर व त्याहून दूरच्या, आवरणयुक्त गोळ्यांच्या नेमबाजीत उद्भवतो.