रिसायकल बिन रिकामा करताय? थांबा!

परवा घरचा जुना एक्सपीवाला पीसी चालू केला. आऊटलुक एक्स्प्रेस उघडलं आणि धस्सच झालं. इनबॉक्स रिकामा! बाबांच्या २००५ सालच्या सगळ्या मेल्स त्यात होत्या. आणि बाबा आता नाहीत.

चूक माझीच. मागच्या वेळी फोल्डर 'कॉम्पॅक्ट' होत असताना वैतागून मी पीसीच बंद केला होता.

तुमच्याही घरी असा पीसी असेल, तर घाबरू नका. हा प्रोग्रॅम प्रत्येक फोल्डरची वेगळी डीबीएक्स फाइल ठेवतो. २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ नंतरच्या अपडेटपासून कॉम्पॅक्ट करताना त्या फाइलची जुनी प्रत 'बीएके' नावाने रिसायकल बिनमध्ये जाते. मी प्रोग्रॅम बंद केला, ती प्रत रिस्टोर केली, रिकामी फाइल बाजूला ठेवली आणि 'बीएके'चं 'डीबीएक्स' केलं. बस्स! इनबॉक्स भरला. पहिलीच मेल : 'जेवलास का?'

मग सगळ्या मेल्स सिलेक्ट करून एका साध्या फोल्डरमध्ये ओढल्या. प्रत्येकीची ईएमएल फाइल झाली. ती थंडरबर्डमध्येही उघडते. लगेच पेन ड्राइव्हवर कॉपी घेतली.

डेस्कटॉप चकाचक ठेवायची हौस आहे? ठेवा की! फक्त बिन रिकामा करण्याआधी एकदा आत डोकावा.