चाळीतला कांदा आणि वाफ्यातले उळे

वैशाखात निफाड, येवला, चांदवड भागातल्या शेतकरी कुटुंबाला दोन कामे एकाच वेळी गाठतात. काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरायचा असतो आणि पावसाळी, म्हणजे पोळ कांद्यासाठी उळ्याची (कांद्याच्या बियाण्याची) व गादीवाफ्यांची तयारी करायची असते. उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकतो. पोळ कांदा मात्र काढल्यावर लवकर विकावा लागतो. असे का होते?

याचे उत्तर बऱ्याच अंशी दिनमानात आहे. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरअखेर दिवस जेमतेम 11 तासांचा, तर जूनअखेर सुमारे 13 तास 20 मिनिटांचा असतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या उन्हाळ कांद्याला वाढता दिवस आणि वाढते तापमान मिळते. कांद्याच्या पानांना दिनमानातला हा बदल जाणवतो आणि पानांचे बुडखे अन्न साठवून फुगू लागतात. कांदा पोसला की नवी हिरवी पाने येणे थांबते, मान पोकळ होते आणि पात आडवी पडते. सुमारे निम्म्या माना पडल्या की काढणी करतात. शेतात पातीखाली सुकवून, दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापतात आणि कांदा सावलीत वाळवतात. मान मिटते, बुरशीची वाट बंद होते आणि कांदा सुप्तावस्थेत जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला पोळ कांदा तयार होतो तेव्हा दिवस लहान होत असतो आणि जमिनीत ओल असते. पात हिरवीच राहते, माना आपोआप पडत नाहीत. त्यासाठी काही शेतकरी पिकावरून रिकामे पिंप फिरवतात. या कांद्याची मान जाड राहते आणि सुप्तावस्थाही थोड्या काळाची असते.

चाळीतला कांदा सुप्त असला तरी जिवंत असतो. तो श्वसन करतो, पाणी गमावतो. म्हणून चाळ जमिनीपासून उंच व फटींची असते आणि ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच करत नाहीत. गंमत अशी, की कोंब सर्वांत जोमाने 10 ते 20 अंश सेल्सिअसला फुटतात. 25 ते 30 अंशांना ते मंदावतात. पावसाळ्यात मात्र दमट हवेने सड वाढते. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात वापरले जाणारे गॅमा किरण कोंबाच्या पेशींची वाढ रोखतात, पण सड थांबवत नाहीत.

आता घरचा हिशेब पाहू. समजा, मे महिन्यात भाव क्विंटलला 1400 रुपये आहे आणि कुटुंबाने 100 क्विंटल कांदा साठवला. घट व सड मिळून 30 क्विंटल गेले, तर उरलेल्या 70 क्विंटलला 2000 रुपये भाव मिळाला तरच मूळचे 1,40,000 रुपये हाती येतात. चाळीचा आणि निवडणीचा खर्च वेगळाच. म्हणजे भाव 43 टक्के वाढूनही नफा शून्य! त्यामुळे किती कांदा आता विकायचा आणि किती ठेवायचा, हा निर्णय घरच्या वर्षभराच्या खर्चाशी बांधलेला असतो. पोळ कांद्याचे बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी पैसा लागतो तो याच दिवसांत.

रोपाचे गणित उलट दिशेने मांडतात. रोप सहा-सात आठवड्यांचे लागते. जुलैच्या मध्यावर लागवड हवी, तर जूनच्या आरंभी उळे टाकायला हवे. हेक्टरी 8 ते 10 किलो बी आणि सुमारे 5 गुंठे रोपवाटिका लागते. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती साध्या हवेत वर्षभरात झपाट्याने घटते. जुने बी फसले, तर पेरणीचा हंगाम परत येत नाही.

यातले दोन प्रयोग शाळेत सहज होतात. ओल्या कागदावर 100 बिया ठेवून दोन आठवड्यांत किती उगवल्या ते मोजावे. तसेच दहा कांद्यांवर क्रमांक घालून पाच जाळीत, पाच बंद प्लॅस्टिक पिशवीत ठेवावेत आणि दर आठवड्याला वजन, कोंब व सड यांची नोंद करावी. जाळीतल्या कांद्यांचे वजन घटेल, तर पिशवीत ओल साचून सड लवकर दिसेल. या नोंदी घेऊन विद्यार्थ्यांनी वरचा हिशेब पुन्हा मांडावा. ज्यांच्या घरी चाळ आहे, ते विद्यार्थी या चर्चेत शिक्षकांनाही काही शिकवतील.