पापण्या जडावल्या? आधी कारण पाहा

‘झोप पुरी होते, तरी सगळे विचारतात, बरं नाही का?’ पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या. वयाने वरच्या पापणीची कातडी सैल पडून डोळ्यांवर लोंबते. जादा कातडी शस्त्रक्रियेने काढता येते. भूल बहुधा तेवढ्या भागापुरतीच. हौसेखातर करायलाही माझी ना नाही.

पण आधी मी जुना फोटो मागतो. बदल हळूहळू झाला की अचानक, ते कळते. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरत असेल, तर मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार असू शकतो. त्यावर औषधे आहेत. एकाएकी एकच पापणी पडली, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

बाईंची नुसती कातडीच होती. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. ती सर्जनना सांगा, मनाने बंद करू नका, असे बजावून त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले.