विश्लेषण : व्हेनिस पाहायला प्रवेश शुल्क का? शहर बुडण्यापासून वाचेल, पण रिकामे होण्यापासून?

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या अनेक युरोप सहलींमध्ये व्हेनिस जेमतेम अर्ध्या दिवसाचे असते. सकाळी बोटीने सेंट मार्क चौक, मग गोंडोलाची फेरी, काचेच्या कारखान्याला भेट आणि संध्याकाळी मुख्य भूमीवरील हॉटेलात परत. नेमक्या अशाच एकदिवसीय पर्यटकांसाठी व्हेनिसने २०२४ मध्ये प्रवेश शुल्क सुरू केले. ते का लागू झाले आणि कोणाला भरावे लागते?

शुल्क कोणाला, किती?

२५ एप्रिल २०२४ पासून हा प्रयोग सुरू झाला. पहिल्या वर्षी गर्दीच्या २९ दिवसांसाठी ५ युरो शुल्क होते. २०२५ मध्ये दिवसांची संख्या ५४ झाली आणि ऐन वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी दर १० युरो करण्यात आला. शुल्काची वेळ सकाळी ८.३० ते दुपारी ४. चौदा वर्षांखालील मुलांना ते नाही.

व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्यांनाही शुल्क माफ आहे, कारण ते हॉटेलातच पर्यटन कर भरतात. मात्र या सवलतीसाठी ऑनलाइन नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. सहलीचा मुक्काम मेस्त्रेला असेल तर तो महापालिकेच्या हद्दीत येतो, पादोवाला असेल तर येत नाही. त्यामुळे हॉटेल नेमके कुठे आहे, हे आधीच विचारून घेतलेले बरे. शुल्काचे दिवस दरवर्षी बदलतात. तारीख ठरवण्यापूर्वी महापालिकेचे संकेतस्थळ पाहावे.

मोठ्या गटांचे काय?

२०२४ पासून मार्गदर्शकासोबत फिरणाऱ्या गटात २५ पेक्षा जास्त पर्यटक चालत नाहीत. लाऊडस्पीकरवरही बंदी आहे. म्हणजे बसभर मंडळींना एका झेंड्यामागे नेता येत नाही, गटाचे दोन भाग करावे लागतात. शहरातील बोळ आणि ४०० हून अधिक पूल इतके अरुंद आहेत की एक मोठा गट थांबला की स्थानिकांची वाट अडते. त्याआधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, महाकाय क्रूझ जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाण्यास मनाई झाली.

शहर पाण्यात उभे कसे?

व्हेनिस खाजणातील शंभरहून अधिक छोट्या बेटांवर वसले आहे. मऊ चिखलात हजारो लाकडी खांब ठोकून त्यावर दगडी पाया रचला गेला. एकट्या रियाल्टो पुलाखाली असे सुमारे १२ हजार खांब असल्याचे सांगितले जाते. १५९१ मध्ये पूर्ण झालेला हा एकाच कमानीचा पूल आजही वापरात आहे. चिखलात ऑक्सिजन जवळपास नसल्याने लाकूड कुजण्याची प्रक्रिया अतिशय मंदावते, हे त्यामागचे मुख्य कारण.

मात्र सगळेच टिकले असे नाही. सेंट मार्क चौकातील उंच घंटाघर १४ जुलै १९०२ रोजी कोसळले. आज पर्यटक ज्यावर चढतात, ते १९१२ मध्ये जुन्याबरहुकूम बांधलेले आहे. शेजारच्या बॅसिलिकावर दिसणारे चार घोडेही प्रतिकृती आहेत. मूळ घोडे आतील संग्रहालयात जपले आहेत.

पुराचा धोका टळला का?

बराचसा. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत चढले होते, तर १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटीमीटरपर्यंत. ऑक्टोबर २०२० पासून ‘मोझे’ ही यंत्रणा वापरात आहे. खाजणाच्या तीन मुखांशी समुद्रतळावर ७८ पोकळ पोलादी दरवाजे आडवे पडलेले असतात. एरवी त्यांत पाणी भरलेले असते. मोठ्या भरतीचा अंदाज आला की आत दाबाने हवा सोडली जाते, पाणी बाहेर पडते, दरवाजे हलके होऊन वर उचलले जातात आणि समुद्र बाहेरच थोपवला जातो.

अडचण अशी, की दरवाजे बंद असताना बंदराकडे येणारी जहाजे खोळंबतात आणि खाजणातील पाण्याची अदलाबदलही थांबते. समुद्राची पातळी वाढत गेली तर ते अधिकाधिक वेळा बंद करावे लागतील.

मग खरी चिंता कशाची?

माणसांची. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. आज ही संख्या ५० हजारांच्याही खाली आहे. रियाल्टोजवळील एका औषध दुकानाच्या खिडकीत उरलेल्या रहिवाशांचा आकडा दाखवणारा फलक २००८ पासून लावलेला आहे. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांतून जास्त उत्पन्न मिळते. त्यामुळे स्थानिकांना परवडणारी घरे कमी होतात. घरे गेली की शाळा, किराणा दुकाने आणि कारागीरही जातात.

म्हणूनच शुल्काला विरोध करणारे रहिवासी म्हणतात, की ५ युरोंनी गर्दी हटत नाही, उलट शहर तिकीट लावलेले संग्रहालय ठरते. गर्दीच्या दिवसांचा अंदाज आधी मिळतो, असा पालिकेचा दावा आहे. पण घरांचा प्रश्न शुल्काने सुटत नाही.

पर्यटकांनी काय करावे?

शक्य असल्यास एक रात्र शहरातच राहावे. संध्याकाळी दिवसभराचे पर्यटक परतले की तोच चौक निवांत होतो. गोंडोला महाग वाटत असेल, तर ‘वापोरेत्तो’ ही सार्वजनिक बोटसेवा आहे. तिची १ क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉलच्या दोन्ही काठांवरचे राजवाडे दाखवत सावकाश जाते. कालव्यात पोहणे, कबुतरांना दाणे टाकणे किंवा चौकातील पायऱ्यांवर बसून डबा उघडणे मात्र टाळावे, त्यासाठी दंड होतो. पुलावर फोटो काढताना कडेला उभे राहावे. मागून येणारा कदाचित घरी निघालेला असतो.