‘मला काही नको’ म्हणणाऱ्या वडिलांसाठी गिफ्ट: घरबसल्या व्यवसाय कसा करायचा?



गिफ्ट हॅम्परचा व्यवसाय सुरू करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. आईसाठी, बायकोसाठी, लहान मुलांसाठी पर्याय भरपूर सापडतात. वडिलांचं नाव निघालं की गाडी येऊन थांबते ती शर्टपीस, पाकीट आणि मगवर. ग्राहक वैतागून म्हणतो, “त्यांना काही आवडतच नाही हो!” खरं सांगू? इथेच तुमचा धंदा आहे. कारण जिथे ग्राहकाला स्वतःला सुचत नाही, तिथे तो सुचवणाऱ्याला आनंदाने पैसे देतो.

वडील ‘नको’ का म्हणतात?

आपल्याकडच्या बऱ्याच वडिलांनी आयुष्यभर घराचा हिशोब सांभाळलेला असतो. आधी मुलांची फी, मग घराचा हप्ता, मग जमलं तर स्वतःची चप्पल. अशा माणसाच्या हातात तुम्ही 3000 रुपयांचं घड्याळ ठेवलं तर त्याला आधी किंमत दिसते. मग ते कपाटात जातं, ‘कुठे जायचं असलं की घालू’ म्हणून.

म्हणजे ‘नको’चा अर्थ बहुतेक वेळा ‘माझ्यावर खर्च नको’ असा असतो. म्हणून महागाचं नवीन काही शोधण्यापेक्षा, ते रोज जे करतात त्यातलीच एक गोष्ट सोपी करा. रोज वापरात येणारी वस्तू वाया गेली असं वाटत नाही.

ऑर्डर घेण्याआधी पाच प्रश्न विचारा

‘बजेट किती?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे विचारा:

1. सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत ते काय करतात? चहा, पेपर, देवपूजा, फिरणं, झाडांना पाणी?
2. कोणती वस्तू मोडली तरी टाकत नाहीत, दुरुस्त करून वापरतात?
3. स्वतःसाठी कायम स्वस्तातलीच कोणती वस्तू घेतात?
4. पाहुणे आले की कोणत्या काळाबद्दल बोलायला लागतात? गाव, नोकरी, कॉलेज, क्रिकेट?
5. अलीकडे काय जड जातंय? बारीक अक्षर, वाकणं, जिने, फोनचा आवाज?

पाचवा प्रश्न जपून विचारा. चाळिशीनंतर जवळचं वाचायला त्रास होणं स्वाभाविक आहे, पण ‘तुम्ही म्हातारे झालात’ असं सांगणारं गिफ्ट कुणालाच आवडत नाही. चांगलं भिंग द्यायचं असेल तर ते ‘पेपर वाचनाच्या सेट’मध्ये द्या, काठीसोबत नको. वस्तू तीच, पण मान राहतो.

उत्तरावरून वस्तू कशी ठरते?

समजा उत्तर आलं, ‘बाबा सारखे गावाबद्दल बोलतात’. तर घरातले जुने 30–40 फोटो स्कॅन करा, प्रत्येकाखाली ठळक, मोठ्या अक्षरांत नावं आणि साल छापा. ही माहिती मुलांनी वडिलांनाच किंवा आत्या-काकांना विचारून गोळा करायची. अल्बम तयार होईपर्यंत घरात अर्ध्या गप्पा होऊन गेलेल्या असतात.

उत्तर आलं, ‘जुनं घड्याळ टाकत नाहीत’. तर तेच घड्याळ चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून, नवा पट्टा लावून द्या.

उत्तर आलं, ‘चप्पल नेहमी साधीच घेतात’. तर अस्सल कोल्हापुरी सुचेल. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण थांबा. चामडं पावसात खराब होतं. जूनमध्ये दिलेली कोल्हापुरी दसऱ्यापर्यंत खोक्यातच राहणार. ती दिवाळीसाठी ठेवा, आणि पायाचं माप घेतल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका.

आणि एक सावधगिरी. ‘जुनी गाणी भरलेला पेनड्राइव्ह’ विकायचा मोह टाळा. गाणी कॉपी करून विकणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही. त्याऐवजी चांगला रेडिओ द्या.

आता हिशोब

उदाहरण म्हणून ‘सकाळचा चहा-पेपर’ सेट घेऊ. आकडे तुमच्या बाजाराप्रमाणे बदलतील, पद्धत मात्र हीच ठेवा.

- भिंग: 220 रुपये
- कपबशी: 180
- चहा मसाला: 100
- खोका आणि पॅकिंग: 70
- पत्राचा कागद, छपाई: 20
- कुरिअर: 90
- तुमचा वेळ (फोन आणि पॅकिंग): 100

एकूण 780 रुपये. विक्री 1100 ला केली तर एका सेटमागे 320 राहतात. दहा सेटचे 3200. पण दहात एका सेटची कपबशी वाटेत फुटली आणि तुम्ही पूर्ण सेट परत पाठवला, तर 780 गेले. हातात उरले 2420, म्हणजे सेटमागे 242. अनेकांचा धंदा इथेच तोट्यात जातो, कारण फुटतुटीचा खर्च किमतीत धरलेलाच नसतो. तो पहिल्या दिवसापासून धरा.

आपला वेळ सुद्धा फुकट समजू नका. नाव कोरलेली वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून तिचे पूर्ण पैसे आधी घ्या. बाकीला निम्मा ॲडव्हान्स. मसाला, लाडू, चिवडा असं काहीही खाण्याचं विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या.

फक्त फादर्स डेवर अवलंबून राहू नका

हा दिवस अमेरिकेतून आला. 1910 मध्ये तिथल्या स्पोकेन शहरात तो साजरा झाला आणि 1972 मध्ये त्याला तिथे कायद्याने मान्यता मिळाली. जूनचा तिसरा रविवार, म्हणजे 2026 मध्ये 21 जून. आपल्याकडे त्याच सुमारास शाळा सुरू होतात, वह्या-दप्तरांचा खर्च असतो, गावाकडे पेरणीची धावपळ असते. खिसा हलका असतो, त्यामुळे सेट छोटा ठेवा. पाऊस असतो, म्हणून खोक्याला आतून प्लास्टिकचं आवरण द्या.

पण वडिलांच्या सन्मानाचे आपले स्वतःचे प्रसंग वर्षभर येतात. एकसष्ठी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. शिवाय निवृत्ती. राज्य सरकारी कर्मचारी साधारण 58 व्या वर्षी, चतुर्थ श्रेणीतले 60 व्या वर्षी निवृत्त होतात. या प्रसंगांना भावंडं मिळून पैसे काढतात, त्यामुळे बजेट मोठं असतं आणि तारीख कितीतरी आधी ठाऊक असते. तयारीला वेळ मिळतो.

या आठवड्याचं काम

ओळखीतल्या पाच जणांना वरचे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. काही विकायचं नाही, फक्त ऐकायचं. पाचपैकी तिघांच्या उत्तरात जी गोष्ट सारखी येईल, तो तुमचा पहिला सेट. त्याचे पाचच नग बनवा, विका, आणि पंधरा दिवसांनी फोन करून एकच विचारा: “बाबा ती वस्तू वापरतात का?”

उत्तर ‘हो’ आलं, तर पुढची ऑर्डर त्याच घरातून येण्याची शक्यता जास्त. ‘कपाटात आहे’ असं आलं, तर सेट बदला. तक्रार करणारा ग्राहक निदान बोलतो. कपाटात पडलेलं गिफ्ट काहीच बोलत नाही, ते विचारावंच लागतं.

चला, वही-पेन घ्या आणि कामाला लागा!