पहाटे पाचची सवलत आणि मानखुर्दचा रस्ता

वर्षअखेरीचे दिवस आले की मुंबईच्या नाक्यानाक्यांवर पोलिसांचे लोखंडी अडथळे उभे राहतात, श्वास तपासण्याची यंत्रे बाहेर निघतात, आणि किती मद्यपी वाहनचालक सापडले याचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकतो. या मोहिमेस आमचा विरोध असण्याचे कारण नाही. जून २००७ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी हे काम नेटाने चालविले आहे, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आमची तक्रार आहे ती एका हाताने पेला पुढे करणाऱ्या आणि दुसऱ्या हाताने गुन्हा नोंदविणाऱ्या सरकारविषयी.

नाताळच्या दोन रात्री आणि ३१ डिसेंबरची रात्र, या तीन रात्री मद्यगृहे पहाटे पाचपर्यंत उघडी ठेवण्यास अनुमती देण्याचा प्रघात अलीकडच्या वर्षांत पडला आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा ज्या राज्याच्या दप्तरात आजही जिवंत आहे, आणि मद्य घेण्यास जेथे अद्याप परवाना लागतो, त्या राज्याची ही उदारता पाहून कोणासही मौज वाटेल! परंतु ती मौज बाजूला ठेवून आम्ही एकच प्रश्न विचारतो. पहाटे पाच वाजता मानखुर्दच्या रस्त्यावर कोण असते, याचा विचार ही वेळ ठरविणाऱ्यांनी कधी केला आहे काय?

त्या वेळी तेथे असतात वाशीच्या घाऊक बाजारातून भाजी आणावयास निघालेले फेरीवाले, झाडू घेऊन कामावर चाललेले सफाई कामगार, देवनारच्या पशुवधगृहाकडे जाणारे मजूर आणि स्टेशनची वाट धरलेल्या घरकाम करणाऱ्या बाया. काळोख पुरता सरलेला नसतो. मद्यगृहाचे दार बंद होऊन मोटार सुरू होण्याची आणि या माणसांनी रस्ता ओलांडण्याची घटका सरकारने आपल्या हाताने एक करून ठेवली आहे.

मानखुर्दचाच उल्लेख का, असे कोणी विचारील. पनवेल, कर्जत, लोणावळ्याकडे मौजेसाठी जाणारी वाहने मोठ्या संख्येने याच नाक्यावरून वाशीच्या पुलाकडे वळतात. शहरातून सुसाट येणारा पूर्व मुक्तमार्ग घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याला येऊन मिळतो. त्या जोडरस्त्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये उड्डाणपूलही झाला. दुचाक्यांना मुक्तमार्गावर मज्जाव आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही. तेव्हा खाडीपलीकडे निघालेल्या तरुणांच्या मोटारसायकलींना मानखुर्दचा रस्ता चुकत नाही. हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून वाशीच्या नाक्यावर टोलमाफी मिळाली. माफी योग्यच झाली. पण पैसे देण्यापुरता वेगाला बसणारा लगामही तिच्याबरोबर गेला.

आमची भीती काल्पनिक नव्हे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटेच्या वेळी पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना एका मोटारीने चिरडले. चालकाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. जून २०१५ मध्ये तर याच पूर्व मुक्तमार्गावर उलट दिशेने आलेल्या मोटारीने एका टॅक्सीला धडक दिली. घरातील आनंदाचा प्रसंग साजरा करून एक कुटुंब त्या टॅक्सीतून परतत होते. टॅक्सीचालक आणि कुटुंबातील एक गृहस्थ प्राणांस मुकले, आणि मोटारीच्या चालकाविरुद्ध पोलिसांनी मद्य घेऊन वाहन चालविल्याचा गुन्हा नोंदविला. ती रात्र ना नाताळची होती ना शिमग्याची.

कायदा दुबळा आहे म्हणावे, तर तसेही नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क सापडला की गुन्हा घडतो. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षे किंवा पंधरा हजार. आमच्या मद्यपी बांधवांचा मात्र कायद्यापेक्षा लिंबाच्या फोडीवर आणि गार पाण्याच्या आंघोळीवर अधिक विश्वास! वस्तुतः शरीर मद्याचा निचरा स्वतःच्या संथ गतीने करते; एका पेल्यास सुमारे एक तास हा ढोबळ हिशेब आहे, आणि कॉफीने तो बदलत नाही. पहाटेपर्यंत पिऊन दोन तास डोळा लावलेला मनुष्य सकाळी सातला चाकामागे बसतो तेव्हाही तो मद्याच्या अमलाखालीच असतो.

म्हणून मद्यगृहांना पहाटे पाचची सवलत देणे सरकारने थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. महसुलाच्या मोहाने तेवढे धैर्य होत नसेल, तर निदान त्या तीन दिवशी मानखुर्दच्या नाक्यावरील तपासणी सकाळी आठपर्यंत चालू ठेवावी आणि तेथे रात्रभर जागलेल्या शिपायांच्या जागी पहाटे ताज्या दमाची तुकडी आणावी. ३१ डिसेंबरच्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते, बेस्टही जादा गाड्या काढते. त्यांच्या वेळा प्रत्येक मद्यगृहाच्या दारावर ठळक अक्षरांत लावण्याची अट परवान्यातच घालावी. आणि आषाढातील गटारीच्या रात्रीही हाच बंदोबस्त हवा. त्या वेळी तर रस्ता पावसाने निसरडा झालेला असतो आणि खड्डे पाण्याखाली दिसतही नाहीत.